कांगड्याचे मीठ

शाळेत आयोडीन आपल्याला दोनदा भेटते. एकदा बटाट्याच्या फोडीवर निळाकाळा डाग उमटवताना आणि एकदा 'आयोडीनच्या अभावी गलगंड होतो' या ओळीत. ही ओळ जोड्या लावण्यासाठी मुले पाठ करतात. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा सगळा धडाच बहुधा अशा जोड्या लावण्यात संपतो. एका जोडीमागे किती काय दडलेले असते, ते या वेळी पाहू.

आयोडीन लागते तरी किती? प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब मुलांना फळ्यावर करू द्यावा. उत्तर चार ग्रॅमच्याही आत येते. चहाच्या चमच्यात मावेल एवढे! मात्र हा चमचा एकदाच घेऊन भागत नाही. ते थोडे थोडे, नियमित मिळावे लागते.

गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, हे आयोडीन वापरून थायरॉक्सिन तयार करते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. थायरॉक्सिन कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटूला 'काम वाढव' असा रासायनिक निरोप धाडते. निरोपामागून निरोप येतात आणि ग्रंथी फुगत जाते. कच्चा मालच नसेल तर कारखाना वाढवून काय होणार? पण शरीराला तेवढे कळत नाही. हा फुगवटा म्हणजेच गलगंड.

हिमालयाच्या पायथ्याशी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. पावसाने आणि हिमनद्यांनी तेथील मातीतले आयोडीन धुऊन नेलेले. जे मातीत नाही ते पिकात नाही, आणि जे पिकात नाही ते पानात कोठून येणार? स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून मिठात आयोडीन मिसळून हा प्रश्न सोडवत आणला होता. पण आपल्या दमट हवेत, उघड्या पोत्यांतून येणाऱ्या मिठात आयोडीन टिकेल का, ही शंका होती.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली हिमाचलातील कांगडा खोऱ्यात याचा छडा लावायला घेतला. सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे त्यांनी तीन विभाग केले. 'अ' विभागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले मीठ, 'क' ला पोटॅशियम आयोडेट घातलेले आणि 'ब' ला साधे. सुरुवातीला गलगंडाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. सहा वर्षांनी ते 'अ' मध्ये १९ टक्क्यांवर आणि 'क' मध्ये १५ टक्क्यांवर आले. 'ब' मध्ये जवळजवळ होते तेथेच राहिले. मग १९६२ पासून 'ब' लाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि १९६८ पर्यंत तेथील प्रमाणही निम्म्याहून खाली उतरले. त्याच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

'ब' विभाग नसता तर घट मिठामुळेच झाली असे छातीठोकपणे म्हणता आले नसते. तरीही त्या सहा वर्षांत 'ब' विभागात जन्मलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न आम्हाला टोचतो. कारण गळ्यावरची गाठ हे या अभावाचे केवळ दिसणारे रूप. गर्भाच्या मेंदूची घडण पहिल्या काही महिन्यांत आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. तेव्हा झालेले नुकसान पुढे कितीही आयोडीन दिले तरी भरून निघत नाही. अभाव तीव्र असेल तर मूल मतिमंद किंवा मूकबधिर जन्मते. सौम्य असेल तर गळा ठीक दिसतो, मूल शाळेत येते, मागच्या बाकावर बसते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. प्रत्येक मागे पडणाऱ्या मुलामागे आयोडीनच असते असे नव्हे. पण गळ्यावर गाठ नाही म्हणून अभाव नाही, असेही म्हणता येत नाही. शिवाय हा केवळ डोंगराळ मुलखाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रातल्याही काही जिल्ह्यांत तो आढळला आहे. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून 'गलगंड' जाऊन 'आयोडीन न्यूनता विकार' आले ते यामुळेच.

आज खाण्याचे साधे मीठ आयोडीन घातल्याशिवाय विकू नये असा नियम आहे. ग्राहकाच्या हाती पडताना त्यात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन हवे. आपल्याकडे त्यासाठी आयोडेट वापरतात, कारण ते दमटपणात अधिक टिकते. तरी उघड्या बरणीत, चुलीशेजारी काही भाग उडतोच. मात्र आयोडीनसाठी मीठ जास्त खाण्याचे कारण नाही. रक्तदाबाचा धोका वेगळा. आणि उपासाचे सैंधव बारमाही वापरण्याची टूम निघाली आहे, तिची चौकशी वर्गातच करता येईल.

दोन बश्यांत एकेक चमचा मीठ घ्या. एकीत घरचे नेहमीचे, दुसरीत सैंधव. दोन्हींवर थंड झालेली पातळ साबुदाण्याची पेज थोडी घाला. पोटॅशियम आयोडाइडच्या ताज्या द्रावणाचे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-दोन थेंब टाका आणि लगेच पाहा. आयोडेट असेल तर आयोडीन मोकळे होऊन पेज निळी होते. द्रावण जुने, पिवळट असेल तर ते स्वतःच निळे करील. म्हणून तिसऱ्या बशीत मिठाशिवाय नुसती पेज ठेवा आणि तीत तेच थेंब टाका. हा आपला 'ब' विभाग. मिठे मुलांनी आपापल्या घरून पुडीत आणावीत, दुकानातले पाकीट फोडू नये. घरच्या बरणीतल्या मिठात काय उरले आहे, ते पाहायचे आहे.