पीएचडी मानसशास्त्रात, पण नेमकी कशात?

मानसशास्त्रात पीएचडी मिळाली की नावाआधी ‘डॉ.’ लागते. मात्र एवढ्या बळावर दवाखाना थाटून स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणे कायद्याला मान्य नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही व्याख्या बांधून दिली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्राची पात्रता हवी. नाहीतर पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल हवे, आणि त्यात अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेले काम हवे. प्रबंध, शोधनिबंध, व्हायवा हे सगळे पार पडल्यावर एखाद्या संशोधकाला हे कळते, तेव्हा हातातली वर्षे निघून गेलेली असतात.

म्हणूनच मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांमध्ये आता विशेष अभ्यासाची आणि जोड-प्रमाणपत्रांची चर्चा असते. मुलांचे मानसशास्त्र, मेंदू आणि वर्तन, न्यायवैद्यक मानसशास्त्र, शालेय समुपदेशन, उद्योग मानसशास्त्र असे फाटे अनेक आहेत. त्यांतला कोणता धरायचा आणि त्यासाठी कुणाचा कागद घ्यायचा, हा खरा पेच आहे.

अमेरिकेत ही वाट बरीच आखलेली आहे. तिथले पीएचडीचे किंवा सायडीचे (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) विद्यार्थी मुख्य अभ्यासक्रमातच एका शाखेवर भर देतात. हा भर म्हणजे किती, याबद्दल विद्यापीठागणिक वेगवेगळे दावे होऊ लागले, तेव्हा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१२ मध्ये त्याच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. नुसती ओळख, मग अनुभव, मग भर, आणि सर्वांत वर प्रमुख अभ्यासक्षेत्र. एक-दोन विषय शिकलेला विद्यार्थी आणि त्या शाखेत विषय व प्रत्यक्ष काम दोन्ही भरपूर केलेला विद्यार्थी यांना एकच नाव लागू नये, हा त्यामागचा हेतू. मेंदू-मानसशास्त्राचा दंडक आणखी कडक आहे. १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने डॉक्टरेट आणि इंटर्नशिपनंतरही दोन वर्षांचे खास प्रशिक्षण सुचवले.

आपल्याकडे पीएचडीची घडणच वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. संशोधन पद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता हे विषय त्यातच बसवायचे. त्यामुळे विद्यार्थ्याची विशेष शाखा ठरते ती बहुतेक वेळा गाईडच्या विषयावरून आणि प्रबंधावरून. हाताला सवय लावणारे प्रशिक्षण हवे असेल, तर ते त्याला बाहेर शोधावे लागते.

अशा शोधासाठी म्हैसूरइतकी सोयीची गावे देशात थोडीच असतील. या विषयाशी त्या शहराचे नाते शंभर वर्षांचे आहे. कलकत्त्यात प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम १९०५ मध्ये आखणारे ब्रजेंद्रनाथ सील पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्याच काळात, १९२४ मध्ये, एम. व्ही. गोपालस्वामी यांनी इथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. गोपालस्वामी लंडनला मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकले होते. याच प्राध्यापकांनी १९३५ मध्ये म्हैसुरात खासगी रेडिओ केंद्र सुरू केले आणि ‘आकाशवाणी’ हे नाव तिथून देशभर गेले. प्रयोगशाळेतल्या माणसाने घराघरांत बोलणारे यंत्र हाती घ्यावे, हे त्यांच्या वृत्तीला साजेसेच म्हणायचे.

कृष्णराजसागरच्या वाटेवरच्या बेळगोळच्या औद्योगिक पट्ट्यातून शहरात आले की मानसगंगोत्री लांब नाही. विद्यापीठाच्या या परिसराचे नाव कन्नड कवी कुवेंपूंनी ठेवलेले. त्याच भागात १९६६ पासून अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आहे. बोलायला उशीर झालेली, ऐकू न येणारी, अडखळत बोलणारी मुले दूरदूरच्या गावांहून तिथे येतात. भारतीय भाषा संस्था १९६९ पासून जवळच काम करते. आणि शहरातच एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्थाही आहे.

एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम या प्रादेशिक संस्थांमधून चालतो. त्याची रचना नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. वर्षभराच्या या अभ्यासक्रमात सहा महिने दूरस्थ अभ्यास, तीन महिने समोरासमोर प्रशिक्षण आणि उरलेले तीन महिने इंटर्नशिप. पुस्तक, गुरू आणि शाळा या तिन्हींशी गाठ पडल्याशिवाय पदविका मिळत नाही. महाराष्ट्र आणि गोवा एनसीईआरटीच्या भोपाळच्या प्रादेशिक संस्थेच्या कक्षेत येतात, हे आपल्याकडच्या इच्छुकांनी लक्षात ठेवावे.

बेळगोळच्या एखाद्या मुलीला कारखान्यातल्या पाळ्यांचा कामगारांच्या झोपेवर आणि मनावर काय परिणाम होतो यावर प्रबंध लिहायचा असेल, तर तिला उद्योग मानसशास्त्राची जोड हवी. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्याला तोतरेपणा आणि मुलांच्या मनातली भीती यांचा संबंध शोधायचा असेल, तर त्याला वाक्-श्रवणाच्या दवाखान्यात बसायला हवे. दोघांची पदवी एकच, पण त्यांनी एकसारखे प्रमाणपत्र घेण्यात अर्थ नाही.

विशेष शाखेत भाषेचे वजन किती असते, हे एका जुन्या कामातून नीट कळते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी धारवाडच्या मुलांवर तपासून कन्नड आणि मराठीत आणली. त्यांचे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले, चौथी आवृत्ती १९६७ ची. बिने-कामत चाचणी आजही अनेक दवाखान्यांत वापरली जाते. म्हणजे आजच्या मुलाची बुद्धी कित्येकदा आजोबांच्या पिढीच्या मापाने मोजली जाते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २००४ मध्ये मेंदूच्या कार्याच्या चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला, तेव्हा वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार वेगळी प्रमाणे दिली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्याला पदवीधराच्या मापाने मोजू नये, ही समज त्यात आहे. अशी चाचणी हाताळायला कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावे लागते. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गात ते जमत नाही.

महाराष्ट्रातही अशा शिक्षणाच्या चांगल्या वाटा आहेत. आप्पा पेंडसे यांनी पुण्यात १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीत शालेय मानसशास्त्राचे प्रशिक्षण मिळते. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी कित्येक वर्षे पत्रव्यवहार करत ती पद्धती आत्मसात केली. पुढे न्यूयॉर्कच्या एलिस संस्थेने त्यांना फेलो आणि पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिली. एकाच उपचारपद्धतीला आयुष्य देणे म्हणजे काय, याचे मराठीतले हे ठळक उदाहरण.

सध्या मात्र पायाखालची जमीन हलते आहे. २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद झाले. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोचिकित्सा समाजकार्य या दोन विषयांत एमफिलला प्रवेश देण्याची मुभा मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. २०२५ मध्ये या कायद्याखालच्या विषयांचे, मानसशास्त्रासकट, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवण्याचा आदेश निघाला. ज्यांनी नोकरी सांभाळत घरी बसून शिकायचे ठरवले होते, त्यांना हा निर्णय जड जाणार आहे. तरीही रुग्णासमोर कधीच न बसता मिळालेल्या पदवीला लगाम बसला, ही गोष्ट रुग्णाच्या बाजूने पाहिली तर योग्यच आहे.

प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने संस्थेला विचारावे, की या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास मिळतील आणि त्या वेळी देखरेखीला कोण असेल. पुनर्वास परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे नाव आहे का, हे परिषदेच्या यादीतच पाहावे. माहितीपत्रकातल्या शिक्क्यावर विसंबू नये. आणि जिथे काम करायचे तिथली भाषा आपल्याला येते का, हेही तपासावे. म्हैसूरला शिकायला जाणाऱ्या कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या मुलाने कन्नडसाठी पहिले सहा महिने वेगळे काढले, तर वाक्-श्रवण संस्थेत समोर बसलेल्या आईला त्याच्याशी दुभाष्याविना बोलता येईल.