नीम येथील मेझाँ कारे : सुस्थितीतील एका रोमन मंदिराचे वाचन

प्रस्तावना

रोमन साम्राज्याच्या वैभवकाळात भूमध्य समुद्राभोवतीच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या नगरात मंदिरे उभारली गेली. त्यांपैकी बहुसंख्य मंदिरांचे आज केवळ जोते, दोन-चार स्तंभ किंवा विखुरलेले दगड शिल्लक आहेत. जोत्यापासून छपरापर्यंतचा आकार अखंडपणे पाहता येईल अशी मंदिरे मोजकीच आहेत. रोममधील पँथिऑन, दक्षिण फ्रान्समधील व्हिएन येथील ऑगस्टस व लिव्हिया यांचे मंदिर आणि त्याच देशातील नीम येथील ‘मेझाँ कारे’ ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. मेझाँ कारेचा समावेश सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.

अशा वास्तूसमोर उभा राहणारा अभ्यासक स्वाभाविकपणेच तिच्या सुस्थितीने प्रभावित होतो. दोन हजार वर्षे जशीच्या तशी उभी असलेली वास्तू, असे तिचे वर्णनही वारंवार केले जाते. तथापि ‘जशीच्या तशी’ हे शब्द येथे कितपत लागू पडतात, हा प्रश्न विचारल्यावाचून या मंदिराची भेट पूर्ण होत नाही. जे टिकले ते कशामुळे टिकले आणि जे नाहीसे झाले त्याविषयी आपल्याला कसे कळले, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने मेझाँ कारेचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नगर आणि मंदिर

नीमचे प्राचीन नाव नेमाउसुस. गॉल प्रदेशाच्या दक्षिणेकडील नारबोनेन्सिस या रोमन प्रांतातील ही एक समृद्ध वसाहत होती. येथे पाडलेल्या नाण्यांच्या एका बाजूस सम्राट ऑगस्टस व त्याचा सेनापती अग्रिप्पा यांचे पाठीला पाठ लावलेले मुखवटे, तर दुसऱ्या बाजूस खजुराच्या झाडाला साखळीने जखडलेली मगर दिसते. मगर हे रोमनांनी जिंकलेल्या इजिप्तचे प्रतीक होय. हीच मगर आजही नीम शहराच्या बोधचिन्हात आहे.

ऑगस्टसला पुत्र नव्हता. त्याची कन्या ज्युलिया हिचा विवाह अग्रिप्पाशी झाला होता. या दांपत्याचे गायस व लुसियस हे दोन पुत्र ऑगस्टसने इ. स. पू. १७ मध्ये दत्तक घेतले आणि त्यांना आपले वारस म्हणून पुढे आणले. परंतु लुसियस इ. स. २ मध्ये मसिलिया येथे, म्हणजे नीमपासून फार दूर नसलेल्या आजच्या मार्सेय शहरी मृत्यू पावला. त्यापाठोपाठ इ. स. ४ मध्ये गायसचाही आशिया मायनरमधील लिसिया येथे अंत झाला. मेझाँ कारे हे मंदिर या दोघा राजपुत्रांना अर्पण केलेले होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अर्थात ते ज्युपिटर किंवा मिनर्व्हा यांसारख्या परंपरागत देवतेचे मंदिर नसून सम्राटाच्या घराण्याविषयी निष्ठा व्यक्त करणारे, सम्राटपूजेच्या परंपरेतील मंदिर ठरते.

सम्राटपूजेच्या या परंपरेचा एक दुवा भारतापर्यंत येतो. ‘प्युटिंगर नकाशा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन मार्ग-नकाशाच्या मध्ययुगीन प्रतीत केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस या बंदराजवळ ‘ऑगस्टसचे मंदिर’ अशी नोंद आहे. मुझिरिस येथे त्या मंदिराचे नाव उरले, वास्तू उरली नाही. नीम येथे नेमके याच्या उलट घडले. वास्तू उभी राहिली आणि तिचे नाव मात्र पुसले गेले.

मंदिराची रचना

‘मेझाँ कारे’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘चौरस घर’ असा होतो. प्रत्यक्षात इमारत आयताकृती असून ती सुमारे २६ मीटर लांब, १३.५ मीटर रुंद व १७ मीटर उंच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये चार काटकोन असलेल्या कोणत्याही चौकोनास हा शब्द लावीत असत. सामान्य लोकांनी वास्तूला तिच्या आकारावरून नाव द्यावे, यातच तिची मूळ ओळख विसरली गेल्याचे दिसून येते.

हे मंदिर पाहताना प्रथम समोरच्या चौकातून पाहणे इष्ट. मंदिर सुमारे पावणेतीन मीटर उंचीच्या जोत्यावर उभे असून त्यावर जाण्यास केवळ समोरूनच पायऱ्या आहेत. ग्रीक मंदिराच्या चारही बाजूंनी पायऱ्या व मोकळी स्तंभरांग असते. त्यामुळे त्याला प्रदक्षिणा घालत ते सर्व बाजूंनी सारखेच अनुभवता येते. रोमन मंदिराला मात्र निश्चित दर्शनी बाजू असते. ते नगरचौकाकडे तोंड करून उभे राहते आणि येणाऱ्याला एकाच दिशेने वर यावयास लावते. उंच जोते व खोल मुखमंडप ही वैशिष्ट्ये रोमनांनी इटलीतील एट्रुस्कन परंपरेतून घेतली.

पायऱ्यांची संख्या १५ आहे. व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने मंदिराच्या पायऱ्या नेहमी विषम असाव्यात असे सांगितले आहे. उजव्या पायाने चढण्यास प्रारंभ केला असता वर पोहोचतानाही उजवाच पाय प्रथम पडावा, हे त्यामागील कारण. पायऱ्या चढणाऱ्याने ही गोष्ट स्वतः पडताळून पाहावी. नियम वाचून जे कळते त्याहून अधिक या पंधरा पावलांत कळते.

वर आल्यावर मुखमंडपात १० सुटे स्तंभ दिसतात. बाजूच्या व मागच्या भिंतींत आणखी २० स्तंभ अर्धवट रुतवलेले आहेत. हे स्तंभ सुमारे ९ मीटर उंच असून त्यांची शीर्षे अकॅन्थस वनस्पतीच्या पानांनी सजविलेली, म्हणजे कॉरिंथियन पद्धतीची आहेत. भिंतीतील स्तंभ छपराचा भार प्रामुख्याने पेलत नाहीत. ते चारही बाजूंना स्तंभरांग असल्याचा भास निर्माण करतात. भिंती स्तंभांच्या रेषेपर्यंत बाहेर सरकविल्यामुळे आतील गाभारा अधिक प्रशस्त होतो. व्हिट्रुव्हिअसने या रचनेचा व तिच्या या लाभाचा उल्लेख केलेला आहे. ग्रीक रूप राखावयाचे आणि रोमन गरज भागवावयाची, अशी ही तडजोड होय.

स्तंभांवरील पट्ट्यात वेलबुट्टीचे नाजूक कोरीव काम आहे. रोममध्ये इ. स. पू. ९ मध्ये समर्पित झालेल्या ‘आरा पाचिस’ या शांतिवेदीवरील वेलींशी त्याचे साम्य आहे. मंदिर ऑगस्टसच्या काळातील असावे या मतास या साम्यातून बळ मिळते. दगड मात्र रोमहून आणलेला नाही. तो नीमच्या परिसरातील लेन्स येथील खाणींचा चुनखडी दगड आहे. राजधानीची शैली आणि स्थानिक दगड यांचा हा मेळ रोमन प्रांतांच्या सांस्कृतिक जीवनाचा द्योतक आहे.

रोमन मंदिराचा गाभारा हा भाविकांच्या मेळाव्यासाठी नसे. तेथे मूर्ती असे. बळी व आहुती बाहेर, मंदिरासमोरील वेदीवर दिल्या जात. म्हणूनच गाभाऱ्यापेक्षा मुखमंडप व समोरचा चौक यांना अधिक महत्त्व होते. मेझाँ कारेच्या गाभाऱ्यातील मूळ सजावट आज शिल्लक नाही, हे सांगणे आवश्यक आहे. मुखमंडपाचे छत व दरवाजा हेही एकोणिसाव्या शतकातील आहेत.

छिद्रांवरून वाचलेला लेख

मंदिराच्या दर्शनी भागावर, स्तंभांच्या वर, एकेकाळी कांस्य धातूच्या अक्षरांत समर्पणलेख बसविलेला होता. मध्ययुगात ही अक्षरे काढून घेण्यात आली. मागे राहिली ती अक्षरे बसविण्यासाठी दगडात पाडलेली छिद्रे. लेखाच्या अभावी वास्तूविषयी निरनिराळे तर्क केले गेले. सम्राट हेड्रियनने नीममध्ये प्लोटिना राणीच्या गौरवार्थ सभागृह बांधल्याचा प्राचीन उल्लेख असल्याने तेच हे सभागृह, असेही काही विद्वानांना वाटत असे.

१७५८ मध्ये नीमचेच रहिवासी असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ व लेखविद्येचे अभ्यासक झाँ-फ्रांस्वा सेगिए यांनी या छिद्रांची संख्या व मांडणी यांचा सूक्ष्म अभ्यास केला. कोणत्या अक्षराला कोठे आधार लागेल याचा विचार करून त्यांनी हरवलेला लेख पुन्हा जुळविला. त्याचा आशय असा : ऑगस्टसपुत्र, कॉन्सल गायस सीझर यास; ऑगस्टसपुत्र, नियोजित कॉन्सल लुसियस सीझर यास; तरुणांच्या या अग्रणींस. गायस इ. स. १ मध्ये कॉन्सल होता, त्यामुळे मंदिराचा काळ इसवी सनाच्या पहिल्या काही वर्षांत निश्चित करता आला. रोबेर आमी व पिएर ग्रो यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अभ्यासातही ऑगस्टसकालीन निर्मितीचाच पुरस्कार आहे.

तरीही प्रश्न कायमचा मिटलेला नाही. जेम्स अँडरसन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सेगिए यांच्या वाचनावर आक्षेप घेतला. दगडावरील छिद्रांचा मेळ एकाहून अधिक प्रकारे लावता येतो, असे प्रतिपादन करून त्यांनी आजची वास्तू इ. स. च्या दुसऱ्या शतकातील असावी असे सुचविले. बहुसंख्य अभ्यासक आजही ऑगस्टसकालीन मत ग्राह्य धरतात. परंतु या वादातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. दगडाच्या एवढ्या प्रचंड राशीपैकी मंदिराच्या ओळखीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे काही रिकामी छिद्रे आहेत. स्तंभ, शीर्षे व वेलबुट्टी पाहून परतणाऱ्या पर्यटकाच्या दृष्टीस ती सहसा पडत नाहीत.

मंदिर टिकले कशामुळे?

दगड भक्कम होता म्हणून मंदिर टिकले, हे उत्तर अपुरे आहे. तितक्याच भक्कम दगडाची शेकडो मंदिरे नष्ट झाली. ती निरुपयोगी ठरली, तेव्हा त्यांचे दगड इतरत्र बांधकामासाठी नेण्यात आले. मेझाँ कारे मात्र फार काळ निरुपयोगी राहिले नाही. मध्ययुगात ते नगराच्या कारभाऱ्यांचे सभागृह होते. सोळाव्या शतकात ते खाजगी मालकीत गेले. काही काळ तेथे तबेलाही होता. सतराव्या शतकात ऑगस्टिनियन पंथाच्या मठाने त्याचे चर्च केले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तेथे जिल्हा प्रशासनाचा कारभार चालला आणि १८२३ पासून वस्तुसंग्रहालय सुरू झाले.

यांपैकी प्रत्येक उपयोगाने मंदिराला जीवदान दिले आणि प्रत्येकाने त्यात काही फेरफारही केले. पँथिऑनची कथाही वेगळी नाही, इ. स. ६०९ मध्ये त्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले नसते तर त्याचीही दगडांची खाण झाली असती. ज्यांनी मंदिराचा मूळ हेतू बदलला त्यांनीच ते वाचविले, हा इतिहास वारसा-संरक्षणाचा विचार करणाऱ्यांना काहीसा अडचणीचा वाटेल. परंतु तो नाकारता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात मंदिराला बिलगून उभी राहिलेली नंतरची बांधकामे हटविण्यात आली. त्यामुळे आज ते मोकळ्या चौकात एकटे व भव्य दिसते. हे एकटेपण रोमन काळातील नव्हे. त्या काळी ते नगरचौकाचा भाग होते आणि त्याच्या भोवती स्तंभयुक्त ओवऱ्या होत्या. १९९३ मध्ये समोर उघडलेली नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेली ‘कारे दार’ ही काच व पोलादाची कलासंग्रहालय-ग्रंथालयाची इमारत आता त्या चौकाला नवा शेजार देते.

प्रजासत्ताकाचा आदर्श

या मंदिराचे एक रूपांतर अटलांटिक महासागरापलीकडे घडले. अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनिया राज्याच्या विधानभवनासाठी मेझाँ कारेचा आदर्श निवडला. फ्रेंच वास्तुविशारद शार्ल-लुई क्लेरिसो यांच्या साहाय्याने आराखडे तयार झाले व १७८६ मध्ये नमुनाकृती अमेरिकेस रवाना झाली. उल्लेखनीय बाब अशी की, जेफरसन यांनी मंदिर प्रत्यक्ष पाहिले ते त्यानंतर, मार्च १७८७ मध्ये. त्या वेळी ते तासन्‌तास त्याकडे पाहत राहिले, असे त्यांच्या पत्रावरून कळते. रिचमंड येथील विधानभवनात कॉरिंथियनऐवजी सोपी आयोनिक स्तंभशीर्षे आली आणि कार्यालयांच्या सोयीसाठी भिंतींना खिडक्या आल्या.

राजाची सत्ता झुगारून देणाऱ्या प्रजासत्ताकाने आपल्या विधिमंडळासाठी ज्या मंदिराचा आदर्श घेतला, ते मंदिर मुळात एका राजघराण्याच्या वारसाहक्काची ग्वाही देणारे होते. वास्तूचा अर्थ तिच्या दगडांत कायमचा कोरलेला नसतो. प्रत्येक काळ तो नव्याने ठरवितो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

समारोप

मेझाँ कारे हे मूळ स्वरूपात गोठून राहिलेले मंदिर नाही. त्याची मूर्ती, वेदी, लेख, गाभाऱ्यातील सजावट व भोवतीच्या ओवऱ्या नाहीशा झाल्या आहेत. त्याचे जोते, स्तंभ, भिंती व प्रमाणबद्ध आकार राहिले आहेत. या उरलेल्या भागांचे श्रेयही त्याच्या निर्मात्यांइतकेच नंतरच्या शतकांतील वापरणाऱ्यांचे आहे.

विद्यार्थ्यांना ऐतिहासिक वास्तू दाखविताना आपण बहुधा ती कोणी व केव्हा बांधली एवढेच सांगतो. ती मधल्या काळात कोणी, कशासाठी वापरली आणि तिच्याविषयीचे आपले ज्ञान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे प्रश्नही त्याच वेळी विचारले गेले पाहिजेत. नीमला जाणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच पंधरा पायऱ्या चढण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि स्तंभांच्या वर, त्या रिकाम्या छिद्रांकडे पाहावे. मंदिराची ओळख तेथूनच सुरू होते.