सूर्य मावळल्यानंतरचे वीजगणित

५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन काळात, रात्री नऊ वाजता देशभरातील घराघरांतले दिवे मालवण्यात आले आणि गॅलरीत, ओट्यांवर पणत्या उजळल्या. नऊ मिनिटांनी दिवे पुन्हा लागले. बहुतेकांच्या दृष्टीने प्रसंग तेथेच संपला. मात्र देशाचे वीजजाळे सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रांतील अभियंत्यांसाठी तो काळ जीव मुठीत धरून बसण्याचा होता. विजेची मागणी बारा ते चौदा हजार मेगावॅटने घटेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली आणि काही मिनिटांत तितक्याच वेगाने परतही आली. या उतरणीवर देशभरातील जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटने खाली आणली व लगेच पुन्हा वर नेली. कोठेही अंधार झाला नाही आणि म्हणूनच या कामगिरीची चर्चाही फारशी झाली नाही.

त्या रात्री अपवाद म्हणून जे घडले, ते आता रोज संध्याकाळी घडू लागले आहे. फरक इतकाच, की दिवे मालवणारा हात आता सूर्याचा आहे आणि त्याचा आकडा ३१ हजारांहून बराच मोठा आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौरऊर्जेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. निरभ्र दिवशी भर दुपारी सौर प्रकल्प साठ हजार मेगावॅटहून अधिक वीज ग्रिडमध्ये ओततात आणि सूर्यास्तानंतर हा आकडा शून्यावर येतो. नेमक्या याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच आणि उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. म्हणजे एकीकडून पुरवठा ओसरतो आणि दुसरीकडून मागणी चढते. दोन-तीन तासांतली ही दरी भरून काढणे, हे आजच्या वीज व्यवस्थेपुढचे सर्वांत अवघड काम होऊन बसले आहे.

वीज ही पाण्यासारखी टाकीत भरून ठेवण्याची वस्तू नव्हे. ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. या तोलाची खूण म्हणजे वारंवारिता. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने इतकी ठरलेली असून, ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात तिने राहावे असा ग्रिड संहितेचा दंडक आहे. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. ती फार ढळली तर यंत्रे स्वतःचा बचाव करण्यासाठी आपोआप जाळ्यापासून तुटू लागतात आणि एक तुटले की दुसऱ्यावरचा भार वाढतो. एखाद्या मोठ्या वाहिनीवरचा असह्य भारही अशीच साखळी सुरू करू शकतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ असे लागोपाठ दोन दिवस उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्यात ओढला गेला आणि साठ कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच जाळे, एकच वारंवारिता अशी स्थिती आली. हे मोठे जाळे एरवी धक्के सहज पचवते. मात्र बिघाड वेळीच अडवला नाही, तर तोही तितकाच दूर जाऊ शकतो.

जुन्या व्यवस्थेत हे धक्के पचवण्याचे काम कोणी न सांगता होत असे. औष्णिक केंद्रातील टर्बाइन आणि जनित्र मिळून शेकडो टनांचे धूड मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असते. शिवणयंत्राचा पाय थांबवला तरी चाक क्षणभर फिरत राहते, तसेच हे धूडही वाफ कमी-जास्त झाली तरी आपल्या गतीने चालत राहते. एखादे केंद्र अचानक बंद पडले, तर देशभरातील अशा शेकडो चाकांमध्ये साठलेली गती पहिले काही सेकंद उसनवारीने वीज पुरवते आणि तेवढ्यात इतर केंद्रांना सावरण्यास अवधी मिळतो. सौर पटलात फिरणारे काहीच नसते. त्याची वीज इन्व्हर्टरमार्फत ग्रिडमध्ये येते आणि आजवर बसवलेले बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडच्या तालावर नाचणारे आहेत, स्वतः ताल धरणारे नव्हेत. ताल धरू शकणारे इन्व्हर्टर तयार झाले आहेत. परंतु त्यांना खर्च येतो आणि नियमाने सक्ती केल्याशिवाय तो कोणी करत नाही.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेनमध्ये जे घडले, त्याकडे या दृष्टीने पाहावे लागेल. दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी अवघ्या पाच सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॅट वीज ग्रिडमधून नाहीशी झाली आणि स्पेनसह पोर्तुगाल ठप्प झाला. रेल्वेगाड्या वाटेत थांबल्या, दूरध्वनी बंद पडले. त्या वेळी स्पेनच्या विजेत सौरऊर्जेचा वाटा साठ टक्क्यांच्या जवळ होता, त्यामुळे ‘सौरऊर्जेने घात केला’ असा निकाल अनेकांनी त्याच संध्याकाळी देऊन टाकला. जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालातून मात्र निराळे चित्र पुढे आले. मूळ दुखणे वारंवारितेचे नव्हते, विद्युतदाबाचे होते. सकाळपासून दाब वरखाली होत होता. तो आवरण्यासाठी नेमलेली पारंपरिक केंद्रे अपेक्षेइतका भार उचलू शकली नाहीत. दुसरीकडे, दाब सावरण्याची तांत्रिक कुवत असलेल्या सौर व पवन प्रकल्पांना तसे करण्याची मुभा तिथल्या जुन्या नियमांनीच दिलेली नव्हती. दाब वाढत गेला, प्रकल्प एकामागोमाग एक सुटत गेले. म्हणजे उन्हापेक्षा दोष होता तो मागे राहिलेल्या नियमावलीचा. अंधार दूर करण्यास मात्र जलविद्युत केंद्रे आणि फ्रान्स व मोरोक्कोहून आलेली वीज कामी आली, हेही विसरता येत नाही.

भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, अर्थात ‘नेट झीरो’चे उद्दिष्ट जाहीर केले. २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता, हा त्यातला पहिला मोठा टप्पा. निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची करण्याचे उद्दिष्ट तर २०२५ च्या मध्यावरच, म्हणजे पाच वर्षे आधीच, गाठले गेले. पण येथे एक गल्लत नेहमी होते. क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर प्रकल्प रात्री झोपतो, पवनचक्की वाऱ्याची वाट पाहते. त्यामुळे क्षमतेत निम्मा वाटा असूनही २०२४-२५ मध्ये देशात तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाचीच होती. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटच्या विक्रमी पातळीवर गेली, तेव्हाही संध्याकाळनंतरचा भार प्रामुख्याने औष्णिक केंद्रांनीच वाहिला.

या केंद्रांची सध्या विचित्र कोंडी झाली आहे. चंद्रपूरसारखे २,९२० मेगावॅटचे केंद्र अहोरात्र एकसारखे चालावे म्हणून बांधले गेले. आता त्याच प्रकारच्या संचांनी दुपारी सूर्याला वाट करून द्यावी आणि संध्याकाळी धावत वर यावे, अशी अपेक्षा आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली उतरता आले पाहिजे. बॉयलरच्या जाड पोलादाला रोजचे हे तापणे-निवणे मानवत नाही. नळ्या थकतात, दुरुस्ती वाढते आणि कमी भारावर दर युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. शिवाय संच चालो वा न चालो, करारानुसार त्याचा स्थिर आकार वितरण कंपनीला द्यावाच लागतो. ‘सौर वीज अडीच-तीन रुपयांत मिळते’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. संध्याकाळसाठी राखून ठेवलेल्या संचाचा खर्च त्या आकड्यात धरलेला नसतो. तो अखेर ग्राहकाच्या देयकातच उतरतो.

दुसरी अडचण अंतराची. ऊन राजस्थानात आणि कच्छच्या रणात, वीज हवी ती मुंबई, पुणे, दिल्लीत. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो; पारेषण वाहिनीला भूसंपादन, वन परवाने, मनोऱ्यांच्या जागेचा मोबदला अशा वाटेने जाताना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. जून २०२५ अखेरपर्यंत कार्यान्वित होणाऱ्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्कात पूर्ण माफी होती, त्यामुळे मुदतीपूर्वी प्रकल्प उरकण्याची घाई झाली, वाहिन्या मात्र मागे राहिल्या. परिणामी राजस्थानात तयार प्रकल्पांना भर दुपारी निर्मिती रोखावी लागली. त्यातच माळढोकचा प्रश्न. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर एकेकाळी सहज दिसणारा हा पक्षी आता मुख्यतः राजस्थानात तग धरून आहे आणि उडताना उंच तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. हवामान वाचवायचे की पक्षी, असा हा सवाल मांडला जातो. खरे तर वाहिन्यांचे मार्ग प्रकल्पांच्या आधी आखले असते, तर या वादाची धार पुष्कळ कमी झाली असती.

पुरवठा मागणीच्या मागे धावत नसेल, तर मागणीलाच पुरवठ्याच्या वेळेत आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय. महाराष्ट्रात त्याची मोठी संधी शेतात आहे. राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत आणि वर्षानुवर्षे त्यांना पाळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळत आली. रब्बीच्या थंडीत मध्यरात्री बांधावर जाऊन पाणी धरणे, अंधारात साप-विंचवाची आणि जुन्नर-शिरूरकडे बिबट्याची भीती, हे शेतकऱ्याच्या वाट्याचे नित्याचे भोग. पंप दुपारी चालला तर त्याचीही सुटका होते आणि ग्रिडचीही, कारण संध्याकाळनंतरचा तेवढा भारच नाहीसा होतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये मोठ्या स्वरूपात पुन्हा हाती घेतलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मर्म हेच आहे. उपकेंद्राजवळच लहान सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज थेट कृषी वाहिन्यांना द्यायची, १६ हजार मेगावॅटपर्यंत जायचे, असे तिचे उद्दिष्ट आहे. यात लांब पल्ल्याच्या वाहिन्या वाचतात, हा आणखी एक लाभ. अर्थात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस समाधानकारक असला की पंप बंद राहतात आणि ती वीज अन्यत्र न्यावी लागते. शिवाय दिवसभर सहज मिळणाऱ्या विजेने विहिरींचा आणि बोअरचा उपसा वाढेल का, याचा विचार ऊर्जा खात्याच्या फायलींत सहसा होत नाही.

शहरांत हेच काम दरपत्रक करू शकते. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातही स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत सवलत मिळू लागली. कपडे धुण्याचे यंत्र किंवा पाणी चढवणारा पंप दुपारी लावता येतो. संध्याकाळचा स्वयंपाक आणि रात्रीचा पंखा मात्र पुढे-मागे सरकत नाही.

म्हणून शेवटी प्रश्न साठवणुकीवर येतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या आराखड्यानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ७४ हजार मेगावॅट साठवण क्षमता लागेल. त्यापैकी सुमारे ४७ हजार बॅटरीची, तर २७ हजार उदंचन जलविद्युत प्रकल्पांची. बॅटरी लवकर बसते आणि क्षणार्धात वीज देते, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत दोन तासांची काही साठवणूक सोबतच घ्यावी, असा सल्ला दिला. मात्र दोन तास म्हणजे संध्याकाळ, रात्र नव्हे. उदंचनाचे तंत्र जुने आणि खात्रीचे आहे. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. यात पाव हिस्सा वीज खर्ची पडते, पण संच पाच-सहा तास चालू शकतात. अकोले तालुक्यातील घाटघर आणि खाली शहापूर तालुक्यातील चोंढे यांच्यामध्ये सह्याद्रीचा सुमारे चारशे मीटरचा कडा वापरून २००८ पासून २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. पूर्वी तो रात्रीच्या कोळशाच्या विजेने पाणी चढवी; आता दुपार हीच उपशाची सोयीची वेळ ठरू लागली आहे. घाटमाथ्यावर असे आणखी अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत आणि त्यांतील कित्येक जागा पश्चिम घाटाच्या जंगलांतच आहेत.

तोवर राज्याची संध्याकाळ मोठ्या प्रमाणात कोयनेच्या खांद्यावर आहे. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प काही मिनिटांत पूर्ण क्षमतेवर येतो, हे त्याचे मोल. पण कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच वळवता येते आणि तुटीच्या वर्षी सांगलीकडील ताकारी, टेंभूसारख्या सिंचन योजनांनाही पूर्वेकडे पाणी सोडावे लागते. कोयनेचे जलवर्ष १ जूनला सुरू होते. विजेची मागणी शिखरावर असणारा मे महिना त्यामुळे नेमका कोट्याच्या अखेरीस येतो, आणि संध्याकाळी सात वाजता संच किती वेळ चालवायचा, याचा हिशेब अभियंत्यांना फेब्रुवारीपासूनच मांडावा लागतो.