साबणापासून डिओपर्यंत

साबण, बनियन, डिओ या वस्तू कंपनी बदलली तरी गुणाने फारशा बदलत नाहीत. दोन वड्यांमध्ये सांगण्याजोगा फरक नसला की जाहिरातीला वस्तूबाहेरचे काहीतरी दाखवावे लागते, आणि त्यासाठी मानवी देह सर्वांत आधी हाताशी येतो. अमेरिकेत १८८० च्या दशकात ड्यूक कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत नट्यांची चित्रे घातली ती याच हिशेबाने. १९११ मध्ये हेलन लॅन्सडाउन यांनी वुडबरी साबणासाठी केलेल्या जाहिरातींनी स्पर्शाचा मोह हाच विक्रीचा मुद्दा केला.

भारतात लक्सने १९४१ मध्ये लीला चिटणीस यांना जाहिरातीत आणले. त्या परंपरेत नटीचा चेहरा आणि तिची कांती पुढे असे. देह उघडपणे समोर आला तो १९७५ मध्ये, लिरिलबरोबर. कोडाईकनालच्या धबधब्याखाली हिरव्या बिकिनीतली कॅरन ल्युनेल मनसोक्त भिजते, मान मागे टाकून हसते. चौकटीत दुसरे कुणी नाही आणि आपल्याकडे कुणी पाहावे अशी तिची धडपडही नाही. लिंटास एजन्सीचे अलेक पदमसी यांनी यामागचा विचार पुढे सांगितला होता: घरकामात बुडालेल्या बाईला दिवसभरात अंघोळीची दहा मिनिटेच काय ती स्वतःची मिळतात. शृंगाराची छटा त्या जाहिरातीत होतीच, पण आनंद त्या बाईचा स्वतःचा होता. पन्नास वर्षांनंतरही ती जाहिरात लोकांच्या लक्षात आहे, याचे बरेचसे श्रेय या एका गोष्टीला द्यावे लागते.

१९९५ मध्ये टफ्स बुटांच्या जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण हे दोघे मराठी मॉडेल झळकले. अंगावर फक्त बूट, आणि दोघांभोवती अजगर. प्रबुद्ध दासगुप्ता यांच्या या छायाचित्रावरून मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगरामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याचाही प्रश्न निघाला. निर्दोष सुटका झाली ती २००९ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. वास्तविक त्या चित्रात स्त्री-पुरुष बरोबरीने उभे आहेत आणि कुणी कुणाचे बक्षीस नाही.

बक्षिसाची कल्पना रुजवली ती डिओंनी. पुरुषाने अंगावर फवारा मारायचा आणि अनोळखी बायकांनी भान हरपून त्याच्याकडे धाव घ्यायची, हे कथानक वर्षानुवर्षे चालले. २००८ मध्ये ॲक्सची चॉकलेटच्या माणसाची जाहिरात केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने थांबवली. त्यात बायका रस्त्यात, सिनेमागृहात त्याचे लचके तोडून खाताना दिसत. २०११ च्या मे महिन्यात मंत्रालयाने जाहिरात मानक परिषदेला सांगून अनेक डिओंच्या जाहिराती बदलायला किंवा मागे घ्यायला लावल्या.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ चा आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत तर जाहिरातीने स्त्रीला दुय्यम, आज्ञाधारक भूमिकेत ढकलू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही कपडे किती, याचीच मोजदाद व्हायची. चौकटीतली बाई काय करते आहे, तिची मर्जी कुठे आहे, हे क्वचितच विचारले गेले. २०२२ मध्ये लेयर शॉट या डिओच्या जाहिरातीने ते विचारणे भाग पाडले. दुकानात चार तरुण, समोर पाठमोरी एकटी तरुणी. ‘शॉट कोण घेणार’ हे कानावर पडताच ती घाबरून वळते. मग कळते की बोलणे शेल्फवरच्या शेवटच्या बाटलीबद्दल होते. अंगप्रदर्शनाचा लवलेश नव्हता. विनोद उभा होता तो सामूहिक बलात्काराच्या भीतीवर, आणि म्हणून ती जाहिरात सर्वांत हीन होती. ४ जूनला मंत्रालयाने ट्विटर व यूट्यूबला ती काढून टाकायला सांगितले.

देह आणि शृंगार दाखवणाऱ्या जाहिरातींनी माल खपतो, हा धंद्यातला जुना समज आहे. इलिनॉय विद्यापीठाचे जॉन वर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ७८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. लैंगिक आवाहन असलेली जाहिरात लोकांच्या जास्त लक्षात राहते, ब्रँडचे नाव मात्र राहत नाही, आणि खरेदीच्या इच्छेवर काहीच परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. पुरुषांना सरासरीने या जाहिराती आवडल्या होत्या. स्त्रियांना त्या नावडत्या होत्या.