म्हसोबाच्या मुलखात पवित्र काय, अनिष्ट काय

चैत्री पौर्णिमेला हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड निघतं. जांभुळकर कुळातल्या गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचतात आणि बगाड वाकडकडे ओढत नेतात. गावाला हे पवित्र वाटतं, तर आयटी पार्कात नव्याने आलेल्या कुणाला अघोरी. मला स्वतःला ते गळ पाहवत नाहीत. पण हा वाद ज्या समजुतींवर चालतो, त्या आधी तपासायला हव्यात.

गैरसमज : देव आणि दैत्य मुळातच वेगळे.
वस्तुस्थिती : इतिहासकार दा. ध. कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या पुस्तकात म्हसोबाचं नातं महिषासुराशी जोडलं. पुराणात देवी ज्याला मारते, तोच पुणे-सातारा भागात शेताच्या बांधावर शेंदूर लावून पुजला जातो. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी तर माघी पौर्णिमेला म्हसोबाचंच रूप असलेल्या म्हस्कोबाचं जोगेश्वरीशी थाटात लग्न लागतं. गोव्यात वेताळ हा कितीतरी गावांचा राखणदार. एकाचा दैत्य दुसऱ्याचा कुळदेव असतो, म्हणून कुणाच्याही देवाला सैतान म्हणण्याआधी थांबावं.

गैरसमज : पवित्र म्हणजे सोवळं, शिवलं की बाटलं.
वस्तुस्थिती : दलित संत चोखोबांना पंढरपूरच्या देवळात जाऊ दिलं नाही, त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. त्यानंतर सहाशे वर्षांनी, मे 1947 मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते दार दलितांना उघडलं. त्यांच्या प्रवेशाने विठ्ठल बाटला नाही. विटाळ माणसांनी ठरवला होता आणि तो माणसांनाच मोडावा लागला. हे इतकं उशिरा घडलं, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

गैरसमज : अनिष्ट म्हणजे भूत, करणी, कुणाची तरी वाईट नजर.
वस्तुस्थिती : अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला. त्याच वर्षी, ज्यासाठी ते झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला. त्यात गुन्हा ठरतात माणसांची कृत्यं. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं. एखादीला चेटकीण ठरवून तिचं जगणं अवघड करणं. ज्याच्या अंगात भूत आहे असं म्हणतात, तो बहुतेकदा आजारी, घाबरलेला माणूस असतो. अनिष्ट असतो तो मारणाऱ्याच्या हातातला चाबूक.

गैरसमज : हा कायदा श्रद्धेवरच उठला आहे.
वस्तुस्थिती : वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, हरिपाठ, भजन, लहान मुलांचे कान टोचणं हे सगळं कायद्याने स्पष्ट वगळलं आहे. शिक्षा आहे ती छळाला : सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे शेजारच्या घरात असा प्रकार दिसला तर थेट पोलीस ठाण्यात जा.