लायसन्स आपलं, पण कुणाच्या नावावर?

हेडफोन लावून ऐकत असाल किंवा कामाच्या गडबडीत हे नुसतं वाचत असाल, तरी आजचा भाग शेवटपर्यंत घ्या. सुरुवात मी एका कबुलीनं करतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. लय मोठा नाही. ऑफिसात सात कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक सतत बंद पडणारा राउटर. हॉटेलांच्या ऑर्डरी असतात, त्यात टॉवेलवर हॉटेलचा लोगो विणून द्यावा लागतो. त्याचं डिझाइन आधी कॉम्प्युटरवर बनतं, मग ते जॅकार्डवर जातं. म्हणजे डिझाइनची फाइल नसेल तर माग उभा राहतो.

एके दिवशी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेना. का, तर वर्गणी संपली होती. काका म्हणाले, "अरे, पैसे तर माझ्या कार्डावरून जात होते की!" जात होते, पण कार्ड बदललं होतं. आणि खातं होतं आमच्या जुन्या डिझायनरच्या स्वतःच्या ईमेलवर. तो पोरगा चांगला, पण नोकरीसाठी पुण्याला गेलेला. त्यानं फोन उचलला, मदत करायला तयारही होता. पण ओटीपी जात होता त्याच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर त्यानं कधीच बंद केलेला.

ऑर्डर डोक्यावर होती. मी म्हटलं, "काका, थांबा, मी बघतो." आणि मी एका ग्रुपवरून क्रॅक उतरवला. त्यात पहिलीच सूचना होती, "अँटीव्हायरस बंद करा." खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. मी बंद केला. सॉफ्टवेअर चाललं, लोगो बनला, मी हिरो झालो. तिसऱ्या दिवशी त्या कॉम्प्युटरवरची एकही फाइल उघडेना. सगळ्यांच्या नावापुढे भलतीच शेपटी आलेली, आणि पडद्यावर पैशाची मागणी. टॅलीचा हिशोब वाचला, कारण आमचे अकाउंटंट रोज पेन ड्राइव्हवर बॅकअप घेऊन तो काढून ठेवतात. डिझाइनच्या आठ महिन्यांच्या फाइल मात्र गेल्या.

काका ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "आपण नेमकं काय काय विकत घेतलंय, ते तरी कुणाला माहितीय का इथं?"

कुणालाच माहिती नव्हतं. आजचा भाग या प्रश्नावर आहे.

लायसन्स म्हणजे मालकी नाही

आपण म्हणतो, "सॉफ्टवेअर विकत घेतलं." खरं तर आपण ते वापरायची परवानगी घेतो, आणि तिला अटी असतात. अटी वेगवेगळ्या, म्हणून गोंधळ होतो. ढोबळ प्रकार असे:

पहिला, मशीनबरोबर येणारं. नव्या लॅपटॉपमध्ये आधीच असलेली विंडोज बहुतेक वेळा या प्रकारची असते. गाडीच्या नंबर प्लेटसारखं समजा. लॅपटॉप भंगारात गेला की ते लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.

दुसरा, कायमचं लायसन्स. एकदा पैसे भरले की ती आवृत्ती वापरत राहा. पण अपडेट कायमचे मिळतीलच असं नाही. टॅलीचं उदाहरण घ्या. लायसन्स कायमचं, पण नवीन आवृत्त्या आणि काही ऑनलाइन सोयींसाठी टीएसएस नावाची वेगळी सेवा वेळोवेळी रिन्यू करावी लागते. त्यातही सिल्व्हर म्हणजे एका कॉम्प्युटरवर एक माणूस, आणि गोल्ड म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर अनेक जण.

तिसरा, वर्गणी. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरा, थांबलात की दार बंद. यात बऱ्याचदा माणसागणिक सीट मोजतात. फोटो लावलेल्या एसटीच्या पाससारखं, ज्याचं नाव त्यानंच वापरायचं.

चौथा, 'फुकट, पण'. बरीच सॉफ्टवेअर घरी किंवा शिकण्यासाठी फुकट असतात, धंद्यात नाही. कॉलेजच्या ईमेलवर मिळालेलं विद्यार्थी लायसन्स दुकानाच्या बिलांसाठी वापरलं, तर ते अटींच्या बाहेर जातं. आपल्यातले निम्मे इथंच फसतात.

पाचवा, मुक्त स्रोत. लिबर ऑफिस, इंकस्केप, गिम्प ही धंद्यातसुद्धा फुकट वापरता येतात. फॉन्टलाही लायसन्स असतं, हे फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, ते छपाईत बिनधास्त वापरा.

"आपल्याला कोण विचारतंय?"

हे वाक्य मी सोलापुरात शंभर ऑफिसात ऐकलंय. विचारणारे असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकतं. पण कारखान्यात बसून 'हे धंद्यासाठी नव्हतं' असं कसं म्हणणार?

कायदा बाजूला ठेवू. दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे. बाहेर कुठंतरी बनलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली की आपण सगळे चिडतो, आणि बरोबरच आहे ते. पण आपल्या मालाचं डिझाइन आपण क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर करत असू, तर त्या चिडण्याला काय अर्थ राहतो? काकांना हे पटायला वेळ लागला नाही. मलाच लागला.

आणि धोका किती खरा आहे? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर बंद पाडले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच अपडेटमधून दिला होता. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते ते सापडले. क्रॅकवाली बरीच मंडळी अपडेट मुद्दाम बंद ठेवतात, लायसन्स पकडलं जाईल म्हणून. म्हणजे चोर येऊ नये म्हणून नाही, पोलीस येऊ नये म्हणून कडी लावायची, आणि मागचं दार उघडं.

आम्ही काय केलं

एका रविवारी मी आणि अकाउंटंट काका सातही कॉम्प्युटर उघडून बसलो. प्रत्येकावर काय काय टाकलंय ते लिहिलं. मग कपाटातली बिलं, ईमेल आणि बँक स्टेटमेंट काढली. बँक स्टेटमेंट विसरू नका, अर्ध्या वर्गण्या तिथंच सापडतात.

त्यातून एक साधी शीट तयार झाली. रकाने आठ: सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, लायसन्सचा प्रकार, किती घेतली, कुठल्या कॉम्प्युटरवर किंवा कुणाकडे, कुठल्या ईमेलवर, बिल नंबर आणि विक्रेता, रिन्यूची तारीख, आणि रिन्यू करायचं की नाही हे ठरवणारा माणूस.

निकाल काय आला? एका सॉफ्टवेअरच्या तीन सीटचे पैसे जात होते, वापरणारा एकच. सीटमागे महिन्याला सुमारे दोन हजार, म्हणजे दोन रिकाम्या सीटचे वर्षाला ४८ हजार! आणि दुसरीकडे दोन कॉम्प्युटरवर ऑफिसचं सॉफ्टवेअर बिनलायसन्सचं. पैसे नव्हते असं नाही, ते चुकीच्या जागी जात होते. रिकाम्या सीट बंद केल्या, त्यातून डिझाइनचं नवं लायसन्स निघालं. त्या दोन कॉम्प्युटरवर फक्त पत्रं आणि साधे तक्ते बनतात, तिथं लिबर ऑफिस टाकलं. पहिला आठवडा कुरकुर झाली. आता कुणी बोलत नाही.

लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी

एक. सगळी लायसन्स कंपनीच्या एका ईमेलवर घ्या. तो ईमेल आणि ओटीपीचा नंबर मालकाकडे. माणूस नोकरी सोडतो तेव्हा चावी आणि गेटपासबरोबर सॉफ्टवेअरची खातीही परत घ्या.

दोन. की म्हणजे लायसन्स नव्हे. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळालेली की चालली, म्हणून ती कायदेशीर झाली असं नाही. पुरावा म्हणजे तुमच्या फर्मच्या नावाचं बिल. बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिटही मिळू शकतं. तुमच्या सीएंना विचारा.

तीन. रिन्यूच्या ३० दिवस आधीचा अलार्म फोनमध्ये लावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरच्या ऑटो डेबिटआधी किमान २४ तास मेसेज येतो. तो जाहिरात समजून उडवू नका.

चार. लायसन्स चालू असणं आणि सपोर्ट चालू असणं वेगळं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं लायसन्स अस्सल असेल, कॉम्प्युटर सुरूही होईल, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबलेले. ही तारीखही शीटमध्ये लिहा.

पाच. लायसन्स तपासणीचं पत्र किंवा फोन आला तर घाबरून लगेच काही डिलीट करू नका, आणि फोनवर पैसेही भरू नका. पाठवणारा खरा आहे का ते कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून तपासा, आपली शीट काढा आणि वकिलाशी बोला.

आता तुम्ही म्हणाल, "मी तर नोकरीला आहे, मालक ऐकत नाही." नका भांडू. फक्त तुमच्या एका कॉम्प्युटरची यादी करा आणि समोर ठेवा. रिकाम्या सीटचा आकडा दिसला की मालक आपोआप खुर्ची पुढे ओढतो.

आठ महिन्यांची ती डिझाइन आम्ही पुन्हा बनवतोय. काही हॉटेलवाल्यांनी जुने टॉवेल परत पाठवले, त्यावरून लोगो बघून बघून काढतोय. एकेका लोगोला दीड-दोन दिवस जातात. दर रविवारी मी काकांकडे जातो, कारण हे काम माझ्यावर आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ एकच. आज घरी किंवा दुकानात गेल्यावर सगळ्यात महत्त्वाचं सॉफ्टवेअर उघडा आणि बघा, ते कुणाच्या ईमेलवर आहे. उत्तर आलं नाही, तर यादी तिथूनच सुरू करा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा!