साथीतली स्पर्धा: एकच शहर का?

साथीत सगळे संघ एकाच शहरात जमवणे धोक्याचे वाटते. पण संघ गावोगाव फिरवणे त्याहून धोक्याचे. २०२१ मध्ये शहरे बदलत चाललेली आयपीएल ४ मे रोजी थांबली. करोनाची दुसरी लाट भरात होती हे खरे, तरी प्रवासाने जोखीम वाढवलीच. २०२२ मध्ये ७० साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातल्या चारच मैदानांवर झाले. अमेरिकेतील पुरुषांची महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धाही २०२१ मध्ये इंडियानापोलिस व परिसरात, रोजच्या चाचण्यांसह पार पडली. संसर्गामुळे एक सामना रद्द झाला, स्पर्धा नाही.

परभणीत अशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घ्यायची, तर सर्वांत वजनदार आक्षेप रुग्णालयातल्या खाटांचा. पाहुण्या खेळाडूंपायी इथल्या रुग्णाचा प्राणवायू अडता कामा नये. वसतिगृहात विलगीकरणाच्या खोल्या आणि जिल्हा रुग्णालयात मोकळ्या खाटा नसतील, तर स्पर्धा पुढे ढकलावी.